तापला की वाढतो

आमच्या गल्लीतून रात्री एक बुलेट फटाके फोडत जाते आणि पाळण्यातली मुलं दचकून उठतात. त्यामुळे भोसरीतला एक मिस्त्री स्पोर्ट्‌स कारचा आवाज वाढवून देतो, पण कॅटला हात लावत नाही, हे कानावर आलं तेव्हा त्याचं काम बघावंसं वाटलं.

लिफ्टवर मस्टँग होती, पाच लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन. मालकाला ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची होती. मूळ सायलेन्सर खोलून भिंतीशी ठेवला होता, त्यावर खडूने गाडीचा नंबर.

मिस्त्रींनी मला गाडीखाली उभं केलं. “ताई, कॅटच्या मागचं तेवढं माझं. पुढचं कंपनीचं.” कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि विषारी वायू तिथे बरेचसे निवळतात. तो उडवला की आवाज फुकटात वाढतो. म्हणूनच अनेक ठिकाणी आधी तोच उडवतात. इथे फक्त मागचा मोठा डबा बदलायचा होता. नव्या डब्यात भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती काचेची लोकर. मधला रेझोनेटर मात्र जागेवरच राहणार होता, कारण तो काढला तर एका ठरावीक वेगाला गाडीत एकसुरी घुमणं सुरू होतं आणि तासाभरात डोकं दुखतं.

नळी ३०४ स्टेनलेसची. टिग वेल्डिंग करताना ते आरगॉन बाहेरून देतात तसा नळीच्या आतूनही सोडतात, नाहीतर सांध्याची आतली बाजू जळून खरखरीत होते. बाहेरून ते कुणालाच दिसणार नाही. तरीही टॉर्च घालून त्यांनी प्रत्येक सांधा आतून पाहिला.

“पाईप तापला की एक सेंटीमीटर वाढतो.” हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. घरी हिशेब केला. दोन मीटर नळी, तीनशे अंशांची वाढ: बरोबर, साधारण एक सेंटीमीटर. म्हणून तर नळी रबरी हँगरवर लोंबती ठेवायची आणि ब्रेकच्या, पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब. हाताखालच्या मुलाने एक क्लॅम्प घाईने आवळला, नळी मागच्या बाजूला चेसीला जवळजवळ टेकली. मिस्त्री ओरडले नाहीत. फटीत बोट घालून दाखवलं, “एक सेंटीमीटर,” आणि सगळं पुन्हा सैल केलं.

मग साबणाचं पाणी. मुलाने हातमोजे घालून मागच्या तोंडाशी ओला फडका दाबला, मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर ब्रश फिरवला. एका ठिकाणी बुडबुडा फुगत राहिला, मोहरीएवढा. तेवढ्यासाठी इंजिन बंद, पुन्हा टॉर्च, पुन्हा वेल्डिंग.

त्यानंतर गाडी तापवली. नव्या नळीवरचं तेल जळू लागलं आणि गॅरेजभर एक कडवट, घशाला चिकटणारा वास पसरला. तो अजून माझ्या नाकात आहे. मी मागे सरकले तर मिस्त्री म्हणाले, “वास येतोय ते बरं, ताई. गाडीत शिरून जीव घेणाऱ्या वायूला वास नसतो.” कार्बन मोनॉक्साइड. मोहरीएवढा बुडबुडा त्यांना का सोसवला नाही, ते तेव्हा कळलं.

ॲक्सिलरेटर दाबला. खोल, जाड, छातीत उतरणारी गुडगुड. फटाका एकही नाही. या इंजिनात एका बाजूची चार सिलिंडरं सारख्या अंतराने पेटत नाहीत, त्या विषम ठेक्यामुळे ती लय येते. मला तो आवाज मनापासून आवडला. आणि तरीही तो माझ्या गल्लीत नको. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि डेसिबल दहाने वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. सांधा किती सुबक आहे हे तिथे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. बुलेटवाली पोरं “आतली जाळी काढून द्या” म्हणत इथेही येतात. मिस्त्री त्यांना परत पाठवतात.

मालक म्हणाला, घरापर्यंत अशीच नेतो, रात्र झालीय, कोण बघतंय. मिस्त्रींनी मुलाला जुना सायलेन्सर आणायला सांगितलं आणि गाडी पुन्हा लिफ्टवर घेतली. या कामाचे वेगळे पैसे लावणार नव्हते.