पत्रविद्येचे मोल

जून महिना उजाडला की शाळकरी पोरांच्या छत्र्यांबरोबर खाजगी विद्यापीठांच्या जाहिरातीही बाहेर पडतात. वृत्तपत्राचे अख्खे पान व्यापणाऱ्या या जाहिरातींत हल्ली 'संज्ञापन व पत्रकारिता' या विषयाला मानाचे पान असते. हाती माईक घेतलेली हसरी मुलगी, पाठीमागे काचेची इमारत आणि खाली उज्ज्वल भवितव्याची हमी, असे त्यांचे स्वरूप. या जाहिराती आमच्याही दैनिकात छापून येतात आणि त्यांचे पैसे आम्ही मोजून घेतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

गेल्या आठवड्यात पेडणे महालातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक असेच एक माहितीपुस्तक घेऊन आमच्या कचेरीत आले. बरोबर नुकतीच बारावी झालेली मुलगी. "साहेब, हिला पत्रकार व्हायचं आहे. पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठात जागा मिळते आहे. पाठवू का?" शुल्क, वसतिगृह, खानावळ असा तीन वर्षांचा खर्च बारा लाखांच्या घरात जात होता. थोडे गाठीचे, उरलेले बँकेचे कर्ज, असा त्यांचा हिशेब. मग त्यांनी जरा दबकतच विचारले, "शिकून परत आली तर तुमच्याकडे सुरुवातीला पगार काय मिळेल?" आम्ही आकडा सांगितला. गुरुजी काही बोलले नाहीत. मुलीने माहितीपुस्तक मिटून पिशवीत ठेवले.

आमच्या पिढीच्या संपादकांपाशी अशा प्रसंगी एक तयार उत्तर असते. पत्रकार जन्मावा लागतो, वर्गात तो घडत नाही! मग जांभेकरांपासून दाखले दिले जातात. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्र्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढले तेव्हा त्यांच्यापाशी कोठली पदविका होती? केप्याचे गो. पुं. हेगडे देसाई पोर्तुगीज अमदानीत 'भारत' चालवीत होते, ते कोणत्या विद्यापीठात ही कला शिकले? दाखले खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे, अनेक भाषा जाणणारे पंडित होते. त्यांच्या पिढीच्या व्यासंगाचा शंभरावा हिस्सा आज आमच्या वार्ताहर कक्षात सापडायचा नाही. गुरूविना ज्ञान मिळवण्याची ज्यांची कुवत होती त्यांची उदाहरणे देऊन इतरांना गुरू नाकारणे हा न्याय नव्हे.

आणि काम आता पूर्वीइतके सोपेही राहिलेले नाही. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे उपकलम आले आणि कालपर्यंत भातशेती वा बागायत म्हणून दाखवलेली जमीन नकाशावर रंग बदलू लागली. ही बातमी कोणी पत्रकार परिषद घेऊन सांगितली नाही. ती सरकारी राजपत्रात, सर्व्हे क्रमांक आणि चौरस मीटर यांच्या रुक्ष कोष्टकांत पडून होती. त्या उपकलमाखालील नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, तेही लोक कोर्टात गेले म्हणून. राजपत्र वाचता येणारा, एक-चौदाच्या उताऱ्यावरील कूळ आणि मुंडकार यांतला भेद कळणारा वार्ताहर किती दैनिकांपाशी होता? हे शिकवावेच लागते. प्रश्न आहे तो ते कोण शिकवतो, हाच.

खाजगी या शब्दाचे आम्हास वावडे नाही. पत्रकारितेचे जगातील एक अत्यंत नामांकित विद्यालय खाजगी विद्यापीठातच आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने वीस लाख डॉलर देऊ केले. १९११ मध्ये तो वारला आणि १९१२ मध्ये विद्यालय उघडले. (वर्षभराने, १९१३ साली, डॉ. आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. ते अर्थशास्त्र शिकायला गेले होते, पत्रकारिता नव्हे, आणि तरीही १९२० मध्ये 'मूकनायक' निघालेच.) हा पुलित्झर काही साधुपुरुष नव्हता. खपासाठी भडक मथळ्यांची चढाओढ त्याने स्वतः केली होती. परंतु विद्यालयाची कल्पना मांडताना १९०४ साली त्याने लिहिलेला लेख आजच्या कुलपतींनी जरूर वाचावा. वृत्तपत्राच्या धंद्याची बाजू, म्हणजे खप, जाहिरात आणि वसुली, आपल्या पैशांतून मुळीच शिकवू नये, असा त्याचा आग्रह होता. हार्वर्डचे अध्यक्ष इलियट यांनी त्या बाजूलाही स्थान देणारा आराखडा सुचवला होता. तो त्याला मान्य झाला नाही. कायदा, इतिहास, राज्यशास्त्र, भाषा आणि नीती हे पत्रकाराचे विषय. गल्ल्याचे गणित गल्ल्यावर बसणारा शिकेल.

त्या गुरुजींचे माहितीपुस्तक आम्ही चाळले, तेव्हा हे चित्र नेमके उलटे झालेले दिसले. जाहिरातशास्त्र, जनसंपर्क, समारंभ-व्यवस्थापन, समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यांना पानेच्या पाने. राज्यघटना आणि माध्यमविषयक कायदे मिळून एक प्रश्नपत्रिका. पंचायत, जमीन, न्यायालयाचे कामकाज यांचा उल्लेख नाही. मराठी नाही, कोकणी नाही. सारे शिक्षण इंग्रजीतून. कॅमेरे व स्टुडिओ मात्र उत्तम, आणि त्यांच्या छायाचित्रांवरून खर्चही झालेला दिसतो. अशा संस्थांतून मन लावून शिकवणारे प्राध्यापक, आमचे काही जुने सहकारीही, आहेत हे आम्ही जाणतो. पण अभ्यासक्रमाचा कल त्यांच्या हाती नसतो. 'संज्ञापन' हा शब्द मोठा सोयीचा आहे. सत्य शोधून सांगणे हेही संज्ञापन, आणि बिल्डरच्या वतीने ते झाकणे हेही संज्ञापन.

बरे, विद्यार्थ्याला या दोहोंपैकी निवड करायची मोकळीक तरी कितपत असते? बारा लाखांपैकी निम्म्याहून अधिक कर्ज असलेली मुलगी पदवी घेऊन परतते तेव्हा हप्त्यांची तारीख तिची वाट पाहत असते. प्रसिद्धी संस्था आमच्याहून कितीतरी अधिक वेतन देते. ती तिकडे गेली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला? ज्यांच्या घरी कर्ज काढण्याचीही ऐपत नाही ती सत्तरीची, काणकोणची मुले तर दारापर्यंतही पोचत नाहीत. आणि धनगराचा वाडा किंवा खाणीखालचे शेत जन्मापासून पाहिलेली हीच मुले आहेत. खानापूरच्या मराठी मुलाला सरकारी परिपत्रक कन्नडमधून वाचून बातमी मराठीत लिहावी लागते. हे दुहेरी कौशल्य त्याला कोणता स्टुडिओ देणार?

याला पर्याय नाही असे नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने १९६४ पासून मराठी वृत्तपत्रांना माणसे पुरवली. गोव्यातील महाविद्यालयांतही हा विषय आता शिकवला जातो. खाजगी विद्यापीठांनाच काही करायचे असेल तर त्यांनी अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाकडे पाहावे. ते सरकारी आहे, पण कित्ता गिरवण्याजोगे आहे. तेथील पत्रकारिता विद्यालय १९०८ च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनी आपले वृत्तपत्र काढले. ते आवारात वाटायचे हस्तलिखित नव्हते, गावकऱ्यांनी वाचायचे पत्र होते. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चुकलेला विद्यार्थी त्याच रस्त्याने जाणार! एखाद्या खाजगी विद्यापीठाने एका तालुक्याचे मराठी पत्र असे चालवायला घ्यावे, आणि जाहिरातींवर ओतलेल्या पैशांतून त्या तालुक्यातील चार मुलांचे शुल्क माफ करावे. मग त्यांची पानभर जाहिरात आम्ही सवलतीच्या दरात छापू.

आमच्या धंद्यानेही तोंड लपवू नये. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०११ मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, आणि कित्येक मालकांनी कंत्राटी नेमणुकांची पळवाट काढून त्या निष्प्रभ केल्या. तालुका वार्ताहराला तर आजही ओळींवर मानधन मिळते. कोठे कोठे तो जाहिराती गोळा करूनच पोट भरतो. गुरुजींना सांगितलेला आकडा आमचा होता, विद्यापीठाचा नव्हे.

निघताना आम्ही मुलीला एवढेच सुचवले की पंचायत राज कायद्याप्रमाणे गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात रविवारी ग्रामसभा भरते. येत्या जुलैच्या सभेला तिने शेवटपर्यंत बसावे, कोणते ठराव झाले, कोणते गुंडाळले गेले आणि कोण कोण गप्प राहिले ते मराठीत लिहून आणावे. छापण्याजोगे असले तर छापू आणि त्याचे मानधनही देऊ. मग विद्यापीठाचे ठरवू. मुलीने मान डोलावली. प्रवेशाची मुदत जूनअखेरीसच संपते आहे, असे गुरुजी म्हणाले.