सहा महिन्यांचे पाहुणे

मराठीत 'पाहुणा' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सासुरवाडीला आलेला जावई पाहुणा, मुलगी पाहावयास आलेली मंडळी पाहुणे, आणि एकदा सोयरीक जमली की पलीकडचे अख्खे घराणेच 'पाहुणे' होऊन बसते. एका नात्याला मात्र हा शब्द चिकटत नाही. मुलाच्या बिऱ्हाडी राहावयास आलेल्या आईवडिलांना कोणी पाहुणे म्हणत नाही. गावाकडून पुण्याला आलेली आई दारात चपला काढते ती थेट स्वयंपाकघरात शिरते, डबे उघडून पाहते आणि डाळीला कीड लागल्याचे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. तो तिचा अधिकार असतो.

हीच आई अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेली की खरोखरीची पाहुणी होते. पाहुण्याविषयी आपल्या पूर्वजांचे मत सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथे तर मुक्काम सहा महिन्यांचा.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' या नाटकामुळे परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहत मागे राहिलेले आईबाप आपल्या परिचयाचे झाले. विमानात बसून मुलांकडे गेलेल्या आईबापांचे पुढे काय होते, आणि त्यांना बोलावणाऱ्या मुलांना काय काय सांभाळावे लागते, हा विषय त्या मानाने घरगुती गप्पांतच राहिला आहे. आपल्या महाविद्यालयात त्याला दोन्ही बाजूंचे वाचक आहेत. आम्हा विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची भावंडे तिकडे आहेत, आणि प्राध्यापकवर्गापैकी काहींची मुले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आईवडील पाहुणे होतात याचे मूळ प्रथम कायद्यात आहे, स्वभावात नव्हे. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने २१ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकास आपल्या आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याची मुभा दिली आणि त्यावर संख्येची मर्यादा ठेवली नाही. परंतु आज जाणारा तरुण नागरिक नसतो. तो बहुधा 'एच-१बी' या नोकरीच्या व्हिसावर असतो. नागरिक होण्यापूर्वी ग्रीन कार्ड हवे, आणि नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे एका वर्षात कोणत्याही एका देशाच्या लोकांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. आपल्या देशातून मागणारे फार, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची. बरे, ग्रीन कार्ड हाती आले तरी त्यावर पत्नीला आणि मुलांना बोलावता येते, आईवडिलांना नाही. तेव्हा तोपर्यंत आईवडिलांना यायचे असेल तर पर्यटक म्हणूनच यायचे. नायगारा पाहायला येणारा जर्मन प्रवासी आणि नातवाला मांडीवर घ्यायला येणारी साताऱ्याची आजी हे कायद्याच्या लेखी एकाच वर्गात बसतात.

या पर्यटक व्हिसाची मुलाखत हा स्वतंत्र अध्याय आहे. मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलात होते. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउससमोर रांगा लागत. करोनाच्या साथीनंतर, २०२२ च्या अखेरीस, भारतातील काही केंद्रांवर पहिल्या मुलाखतीची प्रतीक्षा दोन वर्षांच्याही पुढे गेली होती. पूर्वी ऐंशीच्या घरातील वृद्धांना मुलाखतीतून सहसा सूट मिळे. सप्टेंबर २०२५ पासून तीही सर्वसाधारणपणे उरलेली नाही. तिकडच्या १९५२ च्या कायद्याचे एक कलम असे आहे की, अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येतो आहे असे अधिकाऱ्याने गृहीत धरावे, आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यावे. मग वडील घराचा उतारा, निवृत्तिवेतनाचे कागद, शेताचा सातबारा असे सारे पिशवीत भरून नेतात. म्हणजे मुलाकडे जाण्याची परवानगी मिळवण्यासाठी मुलापासून दूर राहण्याची कारणे सांगावयाची.

इथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ १० वर्षे राहता येते असा नाही, तर तेवढ्या काळात तिथल्या दारावर जाऊन उभे राहता येते एवढाच. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि 'आय-९४' या नोंदीत ती तारीख लिहितो. बहुधा ती सहा महिन्यांची असते. पूर्वी ही नोंद कागदाच्या चिठोऱ्यावर पासपोर्टात टाचलेली असे. २०१३ पासून विमानप्रवाशांसाठी ती संगणकावर गेली, तेव्हा मुलांनी ती काढून पाहिली पाहिजे. मुदतवाढ हवी असल्यास मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. विनापरवाना १८० दिवसांहून अधिक राहून मग बाहेर पडल्यास पुढची तीन वर्षे, आणि वर्ष वा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेश बंद होतो.

इंग्लंडमध्येही मुक्काम सहा महिन्यांचाच, आणि आईवडिलांना कायम ठेवून घेण्याचे नियम २०१२ पासून इतके कडक झाले आहेत की तो मार्ग जवळजवळ बुजला आहे. कॅनडाने मात्र डिसेंबर २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' काढला. त्यावर आधी सलग दोन वर्षे आणि २०२२ पासून सलग पाच वर्षे राहता येते. त्यासाठी १,००,००० कॅनेडियन डॉलर्सचा आरोग्यविमा आणि मुलाची पुरेशी मिळकत दाखवावी लागते. माझ्या मते या तिन्ही देशांत कॅनडानेच आईवडिलांना पर्यटकांहून वेगळे ओळखले आहे.

विम्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्यावर थोडे थांबावे लागेल, कारण यजमान मुलांची झोप खरी उडते ती इथे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेली मेडिकेअर योजना पर्यटकांना लागू नाही. १९८६ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला कोणत्याही रुग्णास तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. पण बिल मागाहून घरी येतेच. म्हणून प्रवासी विमा घ्यावा लागतो, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात प्रत्येक उपचारास एक ठरीव रक्कम मिळते. बिल तिच्या दहापट आले तरी उरलेले आपण भरायचे. महाग प्रकारात सुरुवातीची काही रक्कम आपण भरली की पुढचा मोठा वाटा कंपनी उचलते. मुले घाईत पहिला घेतात, कारण आकडा लहान दिसतो. शिवाय दोन्ही प्रकारांत आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात, आणि साठीच्या मराठी माणसाला रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून नसेल तरच नवल. फार तर अशा आजाराचा अचानक आलेला तीव्र झटका काही पॉलिस्यांत धरतात, तोही वयाची अट घालून. तेव्हा सहा महिन्यांची औषधे मूळ वेष्टनांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इकडूनच नेणे शहाणपणाचे.

माझी थोरली बहीण न्यू जर्सी राज्यात एडिसन येथे राहते. २०२४ च्या मार्चमध्ये आमचे आईवडील तिच्याकडे गेले आणि सप्टेंबरात परतले. तिथे आईची दाढ दुखू लागली. दातांचा खर्च विम्यात नव्हता हे तिला ठाऊक झाले होते. तिने तीन आठवडे लवंग धरून दिवस काढले आणि ताईला कळू दिले नाही. गाल सुजला तेव्हा उघड झाले. 'तुमचे पैसे कशाला घालवू?' हे तिचे उत्तर. विम्याच्या कागदावर हे दुखणे कुठेच दिसत नाही, पण बहुतेक घरांत ते असते. आईवडील खर्चाच्या भीतीने आजार लपवतात. त्यांना पॉलिसी समजावून सांगताना काय मिळत नाही याची यादी आधी वाचून दाखवू नये, असे ताई आता म्हणते.

मुळात आईला बोलावणे आले होते ते बाळंतपणासाठी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. लेकीच्या घरी आईवडिलांनी मुक्काम ठोकू नये हा जुना संकेतही आपलाच. परदेशात हे दोन्ही उलटे होते. लेक माहेरी येत नाही, माहेरच उठून लेकीकडे जाते. त्याचे कारण रजा. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अमेरिकेच्या संघराज्याने खाजगी मालकावर असे बंधन घातलेले नाही. १९९३ च्या कायद्याने मिळतात त्या १२ आठवडे आणि त्याही बिनपगारी, आणि तेही ५० वा अधिक नोकर असलेल्या मालकाकडे. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी स्वतःची योजना काढून काही अंशी वेतनाची सोय केली आहे, एवढेच. तीन महिन्यांच्या बाळाला सोडून आईने कामावर जायचे, आणि पाळणाघराचा खर्च भाड्याच्या बरोबरीने, अशा वेळी आजीचा व्हिसा ही चैन राहत नाही. लेकीची आई सहा महिने, मग जावयाची आई सहा महिने, अशी पाळी कित्येक घरांत लागते आणि बाळाचे पहिले वर्ष निभते.

आईने बॅगेतून डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला आणि बाळंतशेपा नेल्या. ताजा कढीपत्ता आणि आंबे नेता येत नाहीत. (हापूस अमेरिकेत जातो, पण तो २००७ पासून किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून. त्यासाठी प्रथम उपयोगी पडले ते कांद्याचे लासलगाव!) बाळाला धुरी देण्याचा बेत मात्र फसला. तिकडे घरोघरी छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते. नुसत्या मिरचीच्या फोडणीनेही ते किंचाळते. मग खिडकी उघडायची, तर बाहेर मार्चची थंडी. आईने शेवटी टॉवेल गरम करून शेक दिला.

वडिलांची गोष्ट निराळी. ते एस.टी.मध्ये वाहक होते. तीस वर्षे बसमध्ये काढलेला माणूस जिथे मोटारीवाचून दुधाची पिशवी आणता येत नाही अशा वस्तीत जाऊन पडला. सकाळी आठला मुलगी आणि जावई आपापल्या संगणकासमोर बसले की दार बंद. आई बाळात गुंतलेली. वडिलांना कामच नाही. उन्हाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर असते. तिथे दुपारचा एक वाजला की साताऱ्यात रात्रीचे साडेदहा, त्यामुळे दुपारी फोन लावायलाही कोणी जागे नाही. ज्या माणसाला घरातले सगळे विचारत असत, तो आता टीव्ही लावू का, हीटर कमी करू का, असे प्रत्येक गोष्टीला विचारू लागला. इथे पाहुणेपण पुरते होते. पाहुण्याला सगळे हातात मिळते, आणि म्हणूनच त्याच्या हातात काही राहत नाही.

मुलांचा पाहुणचार बहुधा इथे चुकतो. वर्षाच्या मोजक्या रजा साठवून ते आईवडिलांना नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन दाखवतात, छायाचित्रे काढतात, आणि सोमवार ते शुक्रवार त्यांना घरात ठेवून देतात. वास्तविक पाच दिवसांची सोय आधी हवी, दोन दिवसांची नंतर. आमच्या घरी हे ध्यानात आले ते दाजींच्या. त्यांनी एप्रिलमध्ये तीन गोष्टी केल्या. वडिलांना घराची किल्ली दिली. खिशात थोडे डॉलर दिले, हिशेब न मागता. आणि एका शनिवारी नायगाराचा बेत रद्द करून त्यांना पायी आणि बसने ओक ट्री रोडपर्यंतचा रस्ता दाखवला. या रस्त्यावर भारतीय दुकाने ओळीने आहेत. पुढच्या आठवड्यापासून कोथिंबीर आणि दूध वडिलांचे खाते झाले. कोथिंबिरीच्या जुडीची किंमत रुपयांत मोजून ते रोज हळहळत, पण आणत. वाटेतल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसायला पैसे पडत नाहीत. तिथे त्यांना गुजरातचे निवृत्त शिक्षक, तेलंगणाचे तहसीलदार असे तिघेचौघे सापडले. सगळे सहा महिन्यांचेच. कोणाचे किती दिवस उरले, यावर त्यांची रोज चर्चा चाले. न्यू जर्सीच्या सार्वजनिक बसमध्ये ६२ वर्षांवरील प्रवाशाला सवलत आहे हे कळले, तेव्हा वडिलांनी फोनवर मला ते दोनदा सांगितले. आपल्या एस.टी.त ६५ पासून निम्मे आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर संपूर्ण माफ, तेव्हा आपलीच योजना थोर, हेही सांगितले.

स्वयंपाकघराचा तंटा लेकीकडे कमी आणि सुनेकडे जास्त, हा सर्वसाधारण अनुभव. डबे कुठे ठेवायचे यावरून सुरू झालेले बोलणे कुठे जाते हे वाचकांना सांगायला नको. अशा घरांत आठवड्याचे वार वाटून घेतल्याचे ऐकले आहे. तोडगा साधा आहे, पण आपल्या वारी दुसरीच्या हातचे निमूट खाणे त्यात गृहीत आहे.

परतीच्या विमानासाठी ताईने दोघांनाही चाकांच्या खुर्चीची सोय मागून घेतली. पाय धड असलेले कित्येक मराठी आईवडील ती मागतात. अडचण पायांची नसते, मधल्या विमानतळावर कोणाला काय विचारावे याची असते. आता येत्या उन्हाळ्यात ताईचे सासूसासरे जाणार आहेत. आईने विहीणबाईंसाठी एक वही करून ठेवली आहे. तिच्यात शेगडीचे कोणते बटण कशाचे, फोडणी करताना कोणती खिडकी उघडायची, बाळ कोणत्या कुशीवर झोपते हे आईच्या अक्षरात आहे, आणि शेवटच्या पानावर वडिलांनी बसचे क्रमांक आणि वेळा लिहिल्या आहेत.