खिडकीत आले, हे कसे कळते?

मोबाइलवर एखादे लांबलचक वेबपान आपण बोटाने वर सरकवतो. खालच्या चित्राची जागा आधी रिकामी असते आणि क्षणार्धात भरते. चित्राची जागा पडद्यावर आली, हे पानाला कोणी सांगितले?

वर्गात एक कृती करून पाहू. पुठ्ठ्याला 10 सेंमी उंचीची खिडकी कापा. कागदाच्या 100 सेंमी लांब पट्टीवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. 60 ते 68 या खुणांमध्ये एक झाड काढा. आता पट्टी खिडकीमागून वर सरकवा. खिडकीची वरची कड 54 वर असेल, तर खिडकीत 54 ते 64 एवढा भाग येतो, म्हणजे झाडाचे 8 पैकी 4 सेंमी. झाड निम्मे दिसते. हे सांगायला पट्टीकडे बघावेही लागत नाही. चार आकडे पुरतात.

पूर्वी पान सरकताना प्रोग्रॅम प्रत्येक चित्राची जागा पुन्हापुन्हा विचारत असे. पडदा साधारणपणे सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका वेळेस जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शंभर चित्रांची चौकशी करायची म्हटले की पान अडखळू लागे.

2016 साली क्रोम ब्राउझरमध्ये 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' ही सोय आली. फायरफॉक्समध्ये ती 2017 साली, तर सफारीत 2019 साली आली. तास संपला का, हे विचारायला मुले दर मिनिटाला कार्यालयात जात नाहीत. शिपाई घंटा देतो. तसेच येथे होते. 'हे चित्र निम्मे आत आले की कळव', असे ब्राउझरला एकदाच सांगून ठेवायचे. पान रंगवण्यासाठी त्याला सर्वांच्या जागा काढाव्या लागतातच. किती भाग आत आल्यावर कळवायचे, तो उंबरठा 0 ते 1 या अपूर्णांकात देतात. खिडकी थोडी मोठी मानायलाही सांगता येते. मग चित्र दिसण्याआधीच मागवले जाते. न पाहिलेली चित्रे उतरवली जात नाहीत आणि डेटा वाचतो.

विद्यार्थ्यांना विचारा : झाड 20 सेंमी उंच असेल आणि उंबरठा 1 ठेवला, तर काय होईल? घंटा कधीच वाजणार नाही! 10 सेंमीच्या खिडकीत ते जास्तीत जास्त निम्मेच मावेल.

याच युक्तीने जाहिराती मोजल्या जातात. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला, तर ती 'दिसण्याजोगी' धरण्याचा प्रघात आहे. आपण कोठे थांबलो, याची नोंदही अशीच ठेवता येते. पण हे गणित फक्त आयतांचे आहे. मूळ सोयीत तर चित्रावर दुसरे काही झाकलेले असले, तरी ते कळत नाही. मग वाचणारा डोळा कोठे होता, हे कसे कळावे? म्हणून पडद्यावरचा धडा शेवटपर्यंत सरकवल्यावर 'पूर्ण' अशी खूण उमटली, तरी एखादा प्रश्न विचारल्यावाचून शिक्षकाने तिच्यावर विश्वास ठेवू नये.