कोंबडीच्या मुंडक्यांनी अडवलेला रेबीज

1978 सालचा ऑक्टोबर. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाशी, जिथे ऱ्होन नदीचं खोरं सरोवराला मिळतं, तिथल्या रानात काही माणसं कोंबडीची मुंडकी टाकत हिंडत होती. कत्तलखान्यातली, एरवी कचऱ्यात गेली असती अशी मुंडकी. प्रत्येकाच्या कातडीखाली एक चपटी डबी सरकवलेली होती आणि तिच्यात थोडासा द्रव होता. बर्न विद्यापीठातले पशुवैद्यक फ्रान्झ श्टेक आणि त्यांचे सहकारी रानातल्या खोकडांना रेबीजची लस द्यायला निघाले होते, तीही एकाही खोकडाला हात न लावता! खुल्या रानातल्या जनावरांना तोंडावाटे रेबीजची लस देण्याचा जगातला हा पहिला प्रयोग.

तो का करावा लागला, हे कळायला आधी या विषाणूची करामत पाहायला हवी.

रेबीजच्या विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा. लांबी किती? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन. माणसाकडे वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत, याच्याकडे फक्त 5. चाव्यातून तो स्नायूत उतरतो आणि तिथल्या नसेच्या टोकात शिरतो. रक्तातून तो फिरत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा सुगावाच लागत नाही. चेतापेशी आपल्या लांबलचक तंतूच्या टोकाकडून सामान आत ओढून नेत असते, त्याच ओढीवर हा स्वार होतो आणि मज्जारज्जूमार्गे मेंदूत पोहोचतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्या काळात बाहेरून काहीही दिसत नाही.

मेंदूतून तो पुन्हा नसांवाटेच बाहेर निघतो आणि लाळग्रंथी गाठतो. इकडे घशाचे स्नायू आवळू लागतात, गिळणं अशक्य होतं आणि विषाणूनं भरलेली लाळ तोंडातच साचते. तिकडे मेंदूतली भीती आणि राग यांची घडीच विस्कटते आणि जनावर दिसेल त्याला चावत सुटतं. लाळेत विषाणू, ती गिळता न येणं आणि चावण्याची अनावर ऊर्मी या तिन्ही गोष्टी नेमक्या एकाच वेळी जुळून येतात. अवघ्या पाच जनुकांचा हा कारभार पाहून थक्क व्हायला होतं, आणि अंगावर काटाही येतो.

युरोपात या विषाणूनं मुक्काम केला तो लाल खोकडात. आपल्या माळरानावरच्या खोकडाचा हा अंगापिंडानं मोठा भाऊबंद. 1940च्या सुमारास पोलंडच्या पूर्व सीमेकडून साथ निघाली आणि वर्षाला 20 ते 60 किलोमीटर अशा वेगानं पश्चिमेकडे सरकत राहिली. मार्च 1967 मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये शिरली. एरवी माणसाची चाहूल लागताच पसार होणारं खोकड भरदिवसा अंगणात येऊन उभं राहू लागलं. राखणीची कुत्री त्याच्या अंगावर धावून जात, मांजरांशी त्याची झटापट होई. कुरणात चरणाऱ्या गाई तर कुतूहलानं त्याला हुंगायला जात आणि नेमका नाकातोंडावर चावा खाऊन परतत. रानातला रोग माणसापर्यंत पोहोचतो तो असा, पाळीव जनावरांचा उंबरा ओलांडून. तिथल्या त्या साथीत पुढे 17 हजारांहून अधिक जनावरांत रेबीज सापडला आणि तीन माणसांचा जीव गेला.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच झाला: खोकडं मारा. बंदुका चालल्या, बिळांत विषारी वायू सोडला गेला. साथ थांबली नाही. एक खोकड मेलं की त्याचा इलाखा मोकळा होतो आणि लगोलग शेजारची तरणी खोकडं तिथे घुसतात. हद्दीवरून भांडणं जुंपतात, चावे वाढतात. शिवाय मादी एका वेताला चार-पाच पिल्लं देते, त्यामुळे मारलेल्यांची भरपाई बघता बघता होते.

मग खोकडाला मारण्याऐवजी त्याला रोगापासून वाचवलं तर? तोंडावाटे लस देऊन खोकडात प्रतिकारशक्ती निर्माण होते, हे जॉर्ज बेअर यांच्या गटानं 1971 मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं होतं. त्यात खोच एकच होती. ही लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो पोटात गेला की पाचकरसात नष्ट होतो. त्याला काम करायचं असतं ते तोंडाच्या अस्तरात आणि घशातल्या टॉन्सिलमध्ये. म्हणजे लस गिळली जाऊन उपयोग नाही, ती तोंडातच सांडायला हवी. म्हणून ती डबी कातडीखाली. खोकड मुंडकं कडाकडा चावतं, डबी फुटते आणि लस जिभेवरून घशापर्यंत पसरते. या लशीचं मूळ 1935 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका पिसाळलेल्या कुत्र्यातून मिळवलेल्या विषाणूत होतं. ज्यानं मारलं, त्याच्याच वंशजाला राखणीला बसवलं!

पण मुंडकं खोकडानंच खाल्लं, हे कळणार कसं? त्यासाठी आमिषात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलं होतं. ते वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. पुढे मेलेल्या खोकडाच्या दाताचा पातळ काप अतिनील प्रकाशाखाली धरला, की सूक्ष्मदर्शकातून पिवळी झळाळती रेघ दिसते. आमिष खाल्ल्याची नोंद दातात कोरलेली!

सरोवराच्या काठानं येणारी साथ खोऱ्याच्या तोंडाशी पोहोचली आणि तिथेच अडली. दोन्हीकडे डोंगर, मध्ये लस खाल्लेली खोकडं. विषाणूला पुढे जायला अंगच मिळालं नाही. जिवंत, हिंडत्याफिरत्या जनावरांची ती भिंत होती. हे काम पुढे नेत असतानाच 1982 मध्ये हेलिकॉप्टर अपघातात श्टेक यांचा मृत्यू झाला. त्यांनी घालून दिलेली वाट मात्र देशोदेशी गेली. मुंडक्यांच्या जागी कारखान्यात बनवलेली आमिषं आली, ती विमानांतून टाकली जाऊ लागली. 1999 मध्ये स्वित्झर्लंड रेबीजमुक्त झाला, 2008 मध्ये जर्मनी. खोकडं आजही तिथे आहेत, अगदी शहरांतसुद्धा. गेला तो रोग.

आपल्याकडे कोल्हा, लांडगा, मुंगूस यांना रेबीज होतो. उसाच्या फडातून पिसाळलेला कोल्हा वस्तीत शिरला, की काय गहजब होतो हे गावोगावी ठाऊक आहे. तरी विषाणूचा आपल्याकडचा मुख्य मुक्काम कुत्र्यांत आहे. जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं रेबीजनं दगावतात असा अंदाज आहे आणि त्यातल्या 99 टक्के मृत्यूंचं मूळ कुत्र्याच्या चाव्यात असतं. इथेही हिशेब तोच. कुत्री मारून गल्ली रिकामी केली, तर शेजारची बिनलशीची कुत्री तिथे येतात. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना नेमानं लस दिली, तर साखळी तुटते. गोव्यात जाळ्या घेऊन फिरणाऱ्या पथकांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना सावध केलं आणि 2021 मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं.

तेव्हा रानातलं जनावर भीती सोडून जवळ आलं, तर त्याला हात लावू नका. गुमान पडलेल्या, लुळ्या जनावराची कीव येते, पण रेबीजचं एक रूप तसंच मुकं असतं. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबण ते विरघळवतो. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. मग थेट दवाखाना गाठा. लशीचे सगळे डोस घ्या आणि डॉक्टरांनी जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन सांगितलं तर तेही घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी योग्य उपचार मिळाले, तर जवळपास नेहमी वाचतो. विषाणूला मेंदू गाठायला लागणारे ते काही आठवडे हीच आपली संधी आहे. आणि घरातल्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस द्या. रान आणि आपलं घर यांच्या मधली भिंत तेच आहेत.