नदीपलीकडच्या टोल्याचा हिशेब

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमापाशी वसलेले असल्यामुळे, पर्लकोटेला महापूर आला की त्याचा बाकीच्या मुलखाशी असलेला संबंध तुटावा, हे तेथील लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. आरोग्य उपकेंद्राची तजवीज मात्र आपण शिरगणतीवरून करतो: सपाटीवर ५००० वस्तीस एक, डोंगराळ व आदिवासी मुलखात ३००० वस्तीस एक. हा निकष दयाबुद्धीने ठरवलेला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु गाव आणि दवाखाना यांच्यामध्ये नाला आहे की घाट, याची दखल त्यात पुरेशी घेतली जात नाही.

संगणकाच्या पडद्यावर हाताळता येणारा नकाशा येथेच उपयोगी पडतो. गावे, रस्ते, ओढे, चढउतार आणि केंद्रे यांचे निरनिराळे थर त्यात हवे तसे उघडता-मिटता येतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ॲक्सेसमॉड’सारख्या प्रणालीने, भूमीचे स्वरूप पाहून प्रवासाचा वेग गृहीत धरला, की प्रत्येक ठिकाणाहून केंद्र किती वेळेच्या वाटेवर आहे हे रंगांनी दाखवता येते. वैशाखात एका तासाच्या टप्प्यात दिसणारा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, मधला नाला अनुल्लंघ्य म्हणून नोंदवताच, त्या रंगाबाहेर फेकला जातो. कोणत्या गरोदर स्त्रियांना पावसाआधीच, प्रसूतीपूर्वी केंद्रापाशी राहण्याची सोय असलेल्या ‘माहेरघरा’त आणून ठेवले पाहिजे आणि औषधांचा साठा कोठे आगाऊ पोचवला पाहिजे, या प्रश्नांची उकल अशा नकाशापुढे बसून पुष्कळशी सुकर होते.

तथापि नकाशा विद्वत्तेने भरत नाही. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’मध्ये कोणालाही भर घालता येते, उपग्रहाच्या छायाचित्रात छपरेही दिसतात, पण श्रावणात कोणती पायवाट चिखलात बुडते आणि डोंगा कोठे मिळतो, हे त्या वाटेने जाणाऱ्या आशाताईंनाच ठाऊक असते. त्यांची दुरुस्ती नोंदली गेली पाहिजे. मात्र रुग्णाचे नाव वा घर अशा सार्वजनिक नकाशावर कदापि येता कामा नये.

म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य खात्यास माझी विनंती आहे, की पुढील वर्षाचा आराखडा मंजुरीस धाडण्यापूर्वी हा नकाशा ग्रामसभेपुढे उघडावा, आणि तेथे सुचवलेल्या दुरुस्त्या करूनच उपकेंद्राची जागा मुक्रर करावी.