कार्सिनॉइड गाठ: किती वर्षं, आणि कशावरून?

अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, आठवड्याभराने बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात ‘न्यूरोएंडोक्राइन ट्युमर’ असं लिहिलेलं असतं. कार्सिनॉइडचं हल्लीचं नाव हेच. घरात लगेच अभिनेता इरफान खानचा विषय निघतो. मार्च २०१८मध्ये त्याने हा आजार जाहीर केला, एप्रिल २०२०मध्ये तो गेला.

गैरसमज: म्हणजे हातात फार तर दोन वर्षं.

एका माणसाच्या आजारावरून दुसऱ्याचं आयुष्य मोजणं हा या आजारातला सगळ्यात क्रूर हिशेब आहे. अपेंडिक्समधली एक सेंटिमीटरहून लहान गाठ सहसा अपेंडिक्सबरोबरच निघून जाते आणि बहुतेकांना पुढे काही करावं लागत नाही. अमेरिकेतल्या कर्करोग नोंदींनुसार पचनमार्गातली अशी गाठ मूळ जागीच असेल, तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत सुमारे ९७ टक्के आहे. ती दूरच्या अवयवांत पसरली असली तरी हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास राहतं. स्वादुपिंडातली गाठ दूर पसरली, तर मात्र ते चौथ्या हिश्शाच्याही खाली येतं.

म्हणून गाठ कुठली आणि कुठवर गेली, हे आधी विचारायचं. मग रिपोर्टमधली ‘के-आय-६७’ची ओळ शोधायची. किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत, हे ती सांगते: ३ टक्क्यांहून कमी म्हणजे पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २०च्या वर तिसरी. पहिल्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या भवितव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गैरसमज: संथ वाढते, मग काळजी कसली?

म्युनिकच्या सिगफ्रिड ओबरनडॉर्फर यांनी १९०७मध्ये या गाठींना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिलं, तेव्हा त्या निरुपद्रवी आहेत असंच त्यांचं मत होतं. त्या पसरूही शकतात, हे १९२९मध्ये त्यांनीच मान्य केलं. लहान आतड्यातली गाठ छोटी असतानाही यकृतापर्यंत पोचू शकते. मग चेहरा अचानक लालबुंद होतो, वारंवार जुलाब होतात, आणि पाळी जायची वेळ आली किंवा पोट नाजूक आहे असं समजण्यात वर्षं निघून जातात. गाठीतून सुटणाऱ्या सेरोटोनिनमुळे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊ शकतात. चेहरा लाल होणं, जुलाब असा त्रास असलेल्यांनी हृदयाची इको तपासणी टाळू नये. गाठ काढल्यावर दहा वर्षांनीही आजार उलटू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या फॉलो-अपच्या तारखा चुकवू नयेत.

गैरसमज: यकृतात पसरली, आता उपचार नाही.

ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं साधारण महिन्याने घ्यायचं इंजेक्शन त्रास आटोक्यात ठेवतं, वाढही रोखतं. ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध थेट गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतं. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आतड्यातून पसरलेल्या आजारात, वीस महिन्यांनंतरही आजार न वाढलेल्यांचं प्रमाण या उपचाराने ६५ टक्के होतं; नुसत्या ऑक्ट्रिओटाइडवर ते ११ टक्के. आपल्याकडे हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विभागात ते रुग्णांना दिलं जातं.

रिपोर्टमध्ये के-आय-६७ नसेल, तर लॅबकडे मागा. काढलेल्या गाठीचा मेणातला ठोकळा त्यांनी जपून ठेवलेला असतो. त्यावर ही तपासणी नंतरही करता येते.