चिखल कुठल्या मातीचा?

छत्रपती संभाजीनगरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथला सेंच्युरियन जवळपास ३.४ मीटर रुंद. १:३५ प्रमाणाच्या प्रतिकृतीत तो जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो. हे प्रमाण डागांनाही लागू होतं, हे मात्र विसरलं जातं. प्रतिकृतीवरचा मिलिमीटरभर गंज म्हणजे खऱ्या गाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा! म्हणून मळवणं ही हिशेबाची कला आहे, आणि तो हिशेब मातीपासून सुरू व्हावा. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला सेंच्युरियनमधून लढले ते शकरगढ भागात, बसंतर नदीजवळ. तिथली माती नदीच्या गाळाची, फिकट पिवळसर. मराठवाड्याची काळी माती त्या गाड्याच्या चाकांना फासली, तर रंगकाम कितीही सफाईदार असो, ते खोटंच.

कुणी म्हणेल, संग्रहालयातले रणगाडे तर स्वच्छ रंगवलेले असतात. मग प्रतिकृतीच का मळवायची? तो रंग जतनासाठी, प्रदर्शनासाठी दिलेला असतो. चालत्या रणगाड्याची कहाणी वेगळी: साखळीपट्ट्याचे जमिनीला घासणारे भाग चकाकतात, धुराड्यावर गंज चढतो, चिखल खालच्या अंगाला साचतो, वर फक्त धूळ बसते. सैनिक जिथून चढतात, तिथला रंग आधी झिजतो. पातळ तेलरंग फटींत सोडून, कोरड्या ब्रशने कडा उजळून हे सगळं साधता येतं. घाई नको, एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.